घरातला व्यवसाय आणि घराची किंमत: झोनिंगचे नियम वाचून हिशोब कसा करायचा

१९२६ साली ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. अँबलर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती. उद्योगांसाठी विकली तर एकरी सुमारे १०,००० डॉलर मिळतील, घरांपुरती राखली तर २,५०० च्या वर जाणार नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. जमीन तीच होती, फक्त गावाने तिचा वापर ठरवणाऱ्या नकाशावरचा रंग बदलला होता. न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली आणि शहराने जागेचा वापर विभागवार ठरवून द्यायचा, ही पद्धत, म्हणजेच झोनिंग, तिथे पक्की झाली.

घरातल्या एका खोलीत शिकवणी, क्लिनिक, सल्लागाराचं ऑफिस किंवा शिवणकाम सुरू करणाऱ्याचं गणित याच जातीचं असतं, आकडे तेवढे लहान. ‘व्यवसाय केला की घराची किंमत पडते’ असं सांगणारे भेटतात, आणि ‘कमाई करणारं घर जास्तीला जातं’ असं म्हणणारेही. दोघांचं म्हणणं अर्धं आहे. खरेदीदार तुमचा नफा विकत घेत नाही. तो बघतो की हा वापर मला कायद्याने करता येईल का, नको असेल तर जागा पूर्ववत करायला किती खर्च येईल, आणि या वापरामुळे आसपासचं राहणं बिघडलं आहे का. हिशोब इथूनच सुरू करायचा.

पायरी १: नियमांचे सगळे थर वाचा

बहुतेक लोक शहराच्या विकास आराखड्यात आपला प्लॉट ‘निवासी’ आहे एवढं बघून थांबतात. पण नियम एकावर एक रचलेले असतात: वर सरकारी झोनिंग, त्याखाली खरेदीखतातल्या किंवा मूळ विकसकाने घातलेल्या अटी, मग सोसायटीचे किंवा वसाहतीचे उपविधी, आणि शेवटी कर्जाचा व विम्याचा करार. यातला सर्वांत कडक थर लागू होतो. ह्यूस्टन या मोठ्या अमेरिकन शहरात झोनिंगचा कायदाच नाही. तिथल्या मतदारांनी तो १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये नाकारला. तरीही तिथल्या कित्येक वसाहतींत घरात दुकान काढता येत नाही, कारण जमिनीच्या कागदांतच तशी बंधनं घातलेली आहेत आणि ती पाळली जावीत यासाठी महापालिका स्वतः कोर्टात जाऊ शकते.

सरकारी नियमावलीत ‘निवासी’ या शब्दापेक्षा ‘गृहव्यवसाय’ किंवा ‘निवासाशी संलग्न वापर’ यांची व्याख्या शोधा. साधारणपणे तिच्यात घराच्या क्षेत्रफळापैकी किती भाग वापरता येईल, बाहेरचे किती कर्मचारी ठेवता येतील, ग्राहक घरी येऊ शकतात का, पाटी लावता येते का, माल साठवता येतो का आणि व्यवसाय चालवणाऱ्याने तिथेच राहायला हवं का, हे दिलेलं असतं. जपानमध्ये सर्वांत कडक निवासी विभागातही घराला जोडून छोटं दुकान किंवा ऑफिस चालतं. अट एवढीच की त्या भागाचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटरच्या आत आणि एकूण बांधकामाच्या निम्म्याहून कमी असावं. याच्या उलट टोकाला नॅशव्हिल. तिथे घरात व्यवसाय करायला परवानगी होती, पण ग्राहकाने दारात यायला मनाई. घरी केस कापणाऱ्या एका बाईंनी आणि घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ असलेल्या एका गृहस्थांनी २०१७ मध्ये शहरावर खटला भरला, तेव्हा कुठे २०२० मध्ये मर्यादित संख्येने ग्राहकांना मुभा मिळाली. कागदावर दोन्हीकडे ‘गृहव्यवसाय मान्य’, पण खरेदीदाराच्या दृष्टीने ते दोन निराळे हक्क आहेत.

नियमाची प्रत मिळवा, तिची तारीख लिहून ठेवा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तोंडी दिलेलं ‘चालतं हो’ विक्रीच्या वेळी कुणीही मान्य करत नाही.

पायरी २: तुमच्या परवानगीची जात ओळखा

किमतीतला फरक सर्वांत जास्त इथे पडतो, आणि नेमकं इथेच घाई होते.

पहिली जात म्हणजे मुळातच मान्य वापर. नियमाच्या चौकटीत बसलात की वेगळी परवानगी लागत नाही, आणि उद्याच्या मालकालाही तोच हक्क मिळतो. हा हक्क घराबरोबर जातो, म्हणून त्याला भाव असतो. पण एक गंमत लक्षात घ्या: तो परिसरातल्या प्रत्येक घराला मिळाला असेल, तर तुमच्या घराला त्यामुळे वेगळा जादा भाव येत नाही. सगळ्यांकडे असलेल्या गोष्टीसाठी कुणी जास्त मोजत नाही. जादा भाव टंचाईतून येतो, म्हणजे कोपऱ्यावरच्या किंवा रुंद रस्त्यालगतच्या मोजक्याच घरांना हा हक्क असेल तेव्हा.

दुसरी जात सशर्त परवानगी. ती कुणाच्या नावाने आहे हे पाहा. जागेला दिलेली असेल तर पुढच्या मालकाकडे जाते. व्यक्तीला दिलेली असेल तर ती विक्रीच्या दिवशी संपते. ब्रिटनमध्ये नियोजन परवानगी साधारणपणे जमिनीबरोबर जाते, पण काही प्रकरणांत ती ठरावीक व्यक्तीपुरतीच, अशी अट घातली जाते. ही एक ओळ असली की ‘परवानाधारक क्लिनिक असलेलं घर’ या जाहिरातीला अर्थ उरत नाही.

तिसरी जात पूर्वापार चालत आलेला वापर. नियम बदलण्याआधीपासून कायदेशीरपणे चालू होता म्हणून तो सहन केला जातो. हा हक्क नाजूक असतो. बऱ्याच ठिकाणी वापर ठरावीक महिने बंद राहिला, किंवा इमारतीचा मोठा भाग कोसळला, तर तो कायमचा जातो आणि पुन्हा बांधताना नवाच नियम लागतो. असं घर विकत घेत असाल तर मागच्या काही वर्षांची वीजबिलं, करपावत्या आणि व्यवसायाची नोंदणी मागा. वापरात खंड पडला होता का, ते त्यातून दिसतं. आणि पूर्वापार म्हणजे अभेद्य असंही नाही. लॉस एंजेलिसमध्ये आधीपासून चालू असलेली एक वीटभट्टी शहराने बंद करायला लावली, आणि १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे विटांसाठी ती जमीन ८ लाख डॉलरची होती, घरांसाठी ६० हजारांच्या वर नाही.

चौथी जात म्हणजे नियमबाह्य, पण अजून कुणी तक्रार न केलेला वापर. सर्वांत जास्त घरं याच गटात असतात, असा माझा अंदाज आहे. याची किंमत शून्य धरू नका, उणे धरा. दिल्लीत निवासी इमारतींतले व्यावसायिक वापर वर्षानुवर्षं चालू होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांना टाळं ठोकण्याची मोहीम सुरू झाली. पुढे २००७ च्या मास्टर प्लॅनने अधिसूचित रस्त्यांवर मिश्र वापर मान्य केला. त्या यादीत रस्ता आला की नाही, यावर एकाच वसाहतीतल्या दोन घरांचं भवितव्य वेगळं झालं.

अमेरिकेत गृहकर्जासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या मूल्यांकन फॉर्मवर झोनिंगपुढे चार चौकटी असतात: कायदेशीर, कायदेशीर पण नव्या नियमाशी विसंगत, झोनिंग नाही, आणि बेकायदा. कुठल्याही देशात असा, तुमचं घर यातल्या कुठल्या चौकटीत बसतं हे एका वाक्यात लिहून काढा. ते जमत नसेल तर पुढचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

पायरी ३: भिंतीबाहेर काय जातं ते मोजा

लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यात कुटण्याचं काम करत होता. मागच्या बाजूला राहायला आलेल्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकं त्या स्वयंपाकघराला लागून, रुग्ण तपासायची खोली बांधली. आवाजाने छातीला नळी लावून ऐकणं अशक्य झालं. १८७९ मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. ‘मी आधीपासून इथे आहे’ हा बचाव मिठाईवाल्याला तारू शकला नाही. शेजारी बदलला की काल चालून गेलेली गोष्ट आज उपद्रव ठरू शकते, हे यातून घ्यायचं.

लॅपटॉपवर एकट्याने काम करणाऱ्याचा व्यवसाय भिंतीबाहेर जातच नाही. त्यामुळे शेजारच्या घरांच्या किमतीवर त्याचा परिणाम होण्याचं कारणच नाही. उलट, काम करायला जागा असलेल्या घरांची मागणी घरून काम करण्यामुळे वाढली. अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात घरांच्या किमती सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्या. त्यातली निम्म्याहून अधिक वाढ घरून काम करण्यामुळे झाली असावी, असा निष्कर्ष मॉन्ड्रागॉन आणि वीलँड या अर्थतज्ज्ञांनी काढला.

बाहेर जाणाऱ्या गोष्टी ओळखीच्याच आहेत: गाड्या, आवाज, वास, कचरा, अनोळखी माणसांची ये-जा, रात्रीचा उजेड. यांतली पार्किंगची कटकट सर्वांत लवकर भांडणापर्यंत जाते. कामाच्या आठवड्यात नोंद ठेवा: किती माणसं आली, किती वाजता, किती गाड्या बाहेर उभ्या राहिल्या, मालाचे टेम्पो किती वेळा आले. एकूण आकड्यापेक्षा गर्दीची वेळ महत्त्वाची. दिवसभरात वीस विद्यार्थी विखुरलेले आले तर कुणाला कळत नाही. एकाच वेळी वीस पालक गाड्या घेऊन थांबले तर सगळ्या गल्लीला कळतं. बॅचमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तरी बऱ्याच तक्रारी मिटतात.

पाळणाघराबद्दल वेगळं सांगायला हवं. अगदी खेटून असलेल्या घराला मुलांचा गोंगाट नकोसा होतो, तर चार गल्ल्या पलीकडच्या तरुण कुटुंबाला तीच सोय घर घेण्याचं कारण वाटते. एकाच व्यवसायाचा परिणाम जवळ किंमत उतरवणारा आणि थोडं दूर चढवणारा असू शकतो. म्हणून ‘या परिसरात व्यवसाय आहेत’ एवढ्यावरून किमतीबद्दल काही ठरवू नका. अंतर मोजा.

पायरी ४: घरात केलेले बदल उलटवता येतात का

व्यवसायासाठी केलेला खर्च किमतीत जसाच्या तसा परत येत नाही. वेगळं प्रवेशद्वार, जास्तीचं स्वच्छतागृह, चांगला प्रकाश, आवाज अडवणारं दार हे बदल कुठल्याही कुटुंबाला उपयोगी पडतात. आई-वडिलांसाठी, भाडेकरूसाठी, मोठ्या झालेल्या मुलासाठी. दंतवैद्याच्या खुर्चीसाठी फरशी फोडून नेलेली नळजोडणी, मोठ्या ओव्हनसाठी वाढवलेला वीजभार आणि धुराडं, दिवाणखान्यात उभारलेला काउंटर हे बदल एकाच प्रकारच्या माणसाला हवे असतात. बाकीचे सगळे ते काढायचा खर्च मनात धरून बोली लावतात.

नवं काम करण्यापूर्वीच त्याच ठेकेदाराकडून दोन आकडे घ्या: करायचा खर्च आणि काढायचा खर्च. दुसरा आकडा विचारला की ठेकेदार हसतो, हसू द्या. गाडीची जागा किंवा बेडरूम कायमची जाणार असेल तर आणखी थांबा, कारण खोल्यांची संख्या कमी झाली की घर खालच्या गटातल्या घरांशी तुलनेला येतं. बांधकाम मंजूर नकाशाबाहेरचं असेल तर ते वाढीव क्षेत्र म्हणून मोजून घ्यायचा हट्टही धरू नका.

पायरी ५: आकडा काढा

मूल्यांकनकर्ता ‘सर्वोत्तम वापर’ ठरवताना चार गोष्टी तपासतो: तो वापर कायद्याने करता येतो का, जागेवर प्रत्यक्ष शक्य आहे का, आर्थिकदृष्ट्या परवडतो का, आणि उरलेल्यांत सर्वांत जास्त मूल्य कशातून येतं. कायद्याची चाळणी सगळ्यात आधी लागते. तिथे अडकलेला वापर कितीही फायद्याचा असला तरी बाद.

यातली नेहमीची चूक म्हणजे व्यवसायाच्या नफ्याला घराचं उत्पन्न समजणं. ट्यूशनमधून येणारे पैसे शिक्षकाच्या हुशारीचे आहेत. शिक्षक घर सोडून गेला की ते त्याच्याबरोबर जातात. घराचं म्हणून जे उत्पन्न उरतं ते त्या खोलीचं भाडं, म्हणजे दुसऱ्या कुणी तीच खोली त्याच कायदेशीर वापरासाठी घेतली तर तो जे देईल तेवढंच.

एक नमुना मांडतो. आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. समजा, व्यवसायाची खोली नसलेल्या सारख्या घराची किंमत १०० आहे. परिसरात वेगळ्या प्रवेशाच्या, कायदेशीर व्यवसायाला चालणाऱ्या खोलीसह विकली गेलेली घरं १०४ ला गेली. तुमची परवानगी घराबरोबर जाणारी असेल तर १०४ हा तुमचा वरचा आकडा. परवानगी वैयक्तिक असेल तर ४ ची भर गळाली. खोली पूर्ववत करायला ३ लागणार असतील आणि ती कटकट अंगावर घ्यायची म्हणून खरेदीदार आणखी १ मागत असेल, तर तुमचं घर ९६ वर आलं. एकाच खोलीमुळे ८ चा फरक, आणि तो पडला परवान्यातल्या एका अटीने.

तुलनेची घरं निवडताना विक्रीच्या तारखा पाहा. वापराचा नियम बदलण्याआधीची विक्री आणि नंतरची विक्री एकत्र मिसळू नका. घर बाजारात किती दिवस राहिलं हेही विचारा. खास वापराच्या घराला गिऱ्हाईक थोडं असतं, त्यामुळे भाव चांगला मिळाला तरी वाट जास्त पाहावी लागते, आणि त्या काळातले हप्ते तुमच्याच खिशातून जातात.

पायरी ६: कर्ज, विमा, कर

हे थोडक्यात, पण सोडू नका. बँकेने निवासी दराने कर्ज दिलेलं असेल तर करारातलं वापराचं कलम वाचा. अमेरिकेत बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था व्यवसाय असलेलं घर स्वीकारते, पण मालक तिथेच राहणारा आणि व्यवसाय त्याचाच हवा, आणि घराचं बाजारमूल्य मुख्यतः निवासी गुणांवर ठरणारं हवं. बँकांच्या मनातही साधारण हाच विचार असतो. तुमच्या खरेदीदाराला निवासी कर्ज मिळालं नाही तर गिऱ्हाईकांचा मोठा गट एका फटक्यात बाद होतो, आणि हा तोटा कुठल्याही मूल्यांकनात वेगळा लिहिलेला दिसत नाही.

घराच्या साध्या विम्यात व्यवसायाचं सामान फार थोड्या रकमेपर्यंत धरलेलं असतं आणि व्यवसायासाठी आलेल्या माणसाला झालेली इजा बहुधा वगळलेली असते. विमा कंपनीला लेखी कळवा, जोडकलम घ्या.

करात सवलत घेताना विक्रीच्या वेळचा विचार करा. ब्रिटनमध्ये एखादी खोली निव्वळ व्यवसायासाठी राखली तर मुख्य घराच्या विक्रीवरची भांडवली नफा करातली सूट त्या भागापुरती जाऊ शकते. म्हणून तिथले सल्लागार त्या खोलीचा थोडा घरगुती वापरही चालू ठेवायला सांगतात. अमेरिकेत ऑफिसच्या खोलीवर घेतलेला घसारा (झीज धरून मिळालेली करसवलत) विक्रीनंतर कराच्या रूपाने परत मोजावा लागतो. मालमत्ता कर बिगरनिवासी दराने लागतो का, हे व्यवसाय सुरू करण्यापूर्वी विचारून घ्या. नंतर लागलेल्या फरकाची थकबाकी घराच्या कागदांना चिकटते.

पायरी ७: विभागच बदलणार असेल तर

परिसर निवासीवरून मिश्र वापरात जाणार अशी बातमी आली की सगळ्यांनाच भाव वाढल्यासारखं वाटतं. वाढ सगळ्यांना सारखी मिळत नाही. मोठ्या प्लॉटवरच्या जुन्या, लहान घराला ती सर्वांत जास्त मिळते, कारण तिथे किंमत जमिनीची असते आणि नवा नियम जमिनीलाच नवं काम देतो. नुकतंच नीट बांधलेलं घर पाडून दुकान काढायला कुणी येत नाही. त्या मालकाच्या वाट्याला रहदारी येते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकाची स्थिती सर्वांत अवघड: तळमजल्याला दुकानाचं भाडं, त्याला लिफ्टमधली गर्दी. तुमच्या एकूण किमतीत जमिनीचा वाटा किती, हा आकडा आधी काढा, मग आनंद करा.

शिवाय भाव अंतिम आदेशाची वाट पाहत नाही. मसुदा प्रसिद्ध झाला, सूचना-हरकती मागवल्या की बदलाची शक्यता किमतीत शिरायला लागते. मसुद्यानंतर चढ्या भावाने घेतलं आणि बदल रद्द झाला, तर तोटा घेणाऱ्याचा.

पर्यटकांना अल्पकाळ घर देण्याच्या व्यवसायात हे ठळकपणे दिसलं. एअरबीएनबी या अल्पकाळ भाड्याच्या संकेतस्थळावरच्या अमेरिकेतल्या घरांच्या नोंदींवर बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पिओ यांनी केलेल्या अभ्यासात, परिसरातल्या नोंदी १ टक्क्याने वाढल्या की भाडं ०.०१८ टक्के आणि घराची किंमत ०.०२६ टक्के वाढलेली आढळली. किमतीचा आकडा भाड्यापेक्षा मोठा आहे. अल्पकाळ भाड्याने देता येण्याची शक्यताही खरेदीदार भावात धरतात, असा त्याचा एक अर्थ लागतो. मग नियम आवळले जातात. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती अमलात आणली. बार्सिलोनाने पर्यटक फ्लॅटचे सुमारे १०,००० परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचं जाहीर केलं. त्या कमाईवर हिशोब बांधून घर घेणाऱ्याला ही गोष्ट खरेदीच्या दिवशी माहीत असती तर त्याने किती दिले असते, हा प्रश्न प्रत्येक अल्पकाळ भाड्याच्या घरासमोर उभं राहून विचारावा.

पायरी ८: विकायला काढताना

विक्रीच्या सहा महिने आधी एक फाइल लावा. तिच्यात नियमाची तारखेसह प्रत, परवानगी आणि तिच्या अटी, सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र, मंजूर नकाशा, करपावत्या, विम्याचं जोडकलम आणि तक्रार झाली असेल तर ती कशी मिटली याचा कागद हवा. मिटलेली तक्रार लपवू नका. शेजारी ती पहिल्या भेटीत सांगतातच.

मग ठरवा: खोली व्यवसायाची म्हणून दाखवायची की घराची म्हणून. परवानगी घराबरोबर जात असेल आणि तसं गिऱ्हाईक परिसरात असेल तर मांडणी तशीच ठेवा, पण जाहिरातीत ‘क्लिनिक’ न लिहिता ‘वेगळ्या प्रवेशाची, व्यवसायाला परवानगी असलेली खोली’ लिहा. गिऱ्हाईकाचा पट रुंदावतो. परवानगी तुमच्यापुरतीच असेल तर पाटी उतरवा, काउंटर काढा, खोलीत पलंग टाका आणि पूर्ववत केल्याची पावती फाइलला लावा. पाहायला येणाऱ्यांना व्यवसायाच्या वेळेत बोलावू नका. मात्र हा वापर इथे चालत होता आणि परवानगी तुमच्याबरोबर संपते, हे विक्रीच्या करारात स्पष्ट लिहा, आणि त्या कलमाखाली खरेदीदाराची वेगळी सही घ्या.